कोण जेवून गेलं असेल

१

सोमवार, बुधवार आणि शनिवार, असे आठवड्यातले तीन दिवस चंद्रकला सकाळी अकराला घरून निघायची. त्याआधी भाताचा पितळी गंज चुलीवरून उतरवायचा, सासूला जेवू घालायचं, आपण उभ्याउभ्या चार घास खायचे आणि उरलेला भात झाकून ठेवायचा. मग दार नुसतं लोटून घेऊन, वही बगलेत धरून मोहाडीचा रस्ता धरायचा. चाल अर्ध्या तासाची. चैत्र सरत आला होता, रस्त्यावर सावली म्हणून नव्हती, पण तिनं एकही दिवस चुकवला नाही.

सव्वीस वर्षांची ती बाई दोनदा मॅट्रिकला बसली होती आणि दोन्ही वेळा इंग्रजीत गेली होती. नर्सबाईच्या ट्रेनिंगला मॅट्रिक लागते, आणि तिला नर्सबाई व्हायचं होतं. एरवी दिवसभर ती ओसरीत बसून बिड्या वळायची.

मोहाडीत तिला शिकवायचे श्यामराव सर. हायस्कुलातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरात एकटे. फळा नव्हता म्हणून स्वयंपाकघराच्या दाराच्या काळ्या फळीवर खडूनं लिहायचे. त्या सोमवारी त्यांनी नवीन पाठ काढला.

"हे पाहा बाई," सर म्हणाले, "जे ठाऊक आहे त्याला 'इज' म्हणायचं. तिथं भांडण नाही. पण माणसाला बहुतेक गोष्टी ठाऊक नसतातच. मग काय करायचं? अंदाज करायचा. इंग्रजीत अंदाजाच्या पायऱ्या आहेत. 'मे' म्हणजे असेल. 'माइट' म्हणजे असेलही, नसेलही. 'मस्ट' म्हणजे असलाच पाहिजे. आणि 'कान्ट' म्हणजे असणं शक्यच नाही. गोष्ट होऊन गेलेली असली की पुढं 'हॅव' लावायचं. आला असेल, गेला असेल."

मग त्यांनी उदाहरण दिलं. सायकल दारात उभी आहे, माणूस दिसत नाही. काय झालं असेल?

चंद्रकलेनं लिहिलं, ही मे हॅव गॉन इन्टू द हाउस. घरात गेला असेल.

"शाब्बास. दुसरं?"

ही माइट हॅव गॉन टू द वेल. विहिरीवर गेला असेल कदाचित.

"आता 'कान्ट'चं करा. सायकल इथंच आहे, तेव्हा तो लांब गेला असणं शक्य नाही. ही कान्ट हॅव गॉन फार."

चंद्रकलेची पेन्सिल थांबली. तिनं मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. सरांना वाटलं, उन्हातून चालून आली आहे, दमली असेल. त्यांनी तिला माठातलं पाणी आणून दिलं.

२

चंद्रकलेचा नवरा घनश्याम ट्रक चालवायचा. रायपूरच्या पुढं, ओडिशाकडे त्याच्या खेपा असत. चार-चार महिने घरी येत नसे. मागल्या भादव्यात पुराचं पाणी एका पुलावरून वाहत असताना त्यानं गाडी घातली, आणि गाडी नदीत गेली.

ही बातमी चंद्रकलेला तुलारामनं सांगितली. तुलाराम घनश्यामच्याच बरोबरचा ड्रायव्हर. दसऱ्यानंतरच्या बाजारात त्यानं तिला कापडाच्या दुकानामागं बाजूला बोलावलं आणि मान वर न करता सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी प्रेत भेटलं, आणण्यासारखं नव्हतं, तिथंच नदीकाठी जाळलं. "वहिनी, मायले तुम्हीच सांगा, माह्याच्यानं होत नाही," असं म्हणून तो गर्दीत निघून गेला.

चंद्रकला बाजारातून भाजी घेऊन घरी आली. सासू आनंदाबाई ओसरीत बसलेली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड आणि सावली तेवढी कळायची. पाच लेकरं झाली, त्यातली चार तिच्या हातानं मातीत गेली, उरला तो घनश्याम. दोन वर्षांपूर्वी त्याला नुसती कावीळ झाल्याचं ऐकलं, तर म्हातारीनं पंधरा दिवस अन्नाला हात लावला नव्हता.

"चंद्रकला, काय आणलं व?" तिनं विचारलं.

"वांगे," चंद्रकला म्हणाली. आणि तेवढंच म्हणाली.

धान घरात आलं की सांगू, असं तिनं ठरवलं. मग संक्रांत झाली की सांगू. तो दिवस आलाच नाही. उलट कार्तिकात म्हातारी रोज विचारायला लागली, कागद काहून येत नाही? तेव्हा चंद्रकलेनं एक दिवस वहीतलं कोरं पान हातात धरलं आणि वाचून दाखवलं. मी खुशाल आहे, मायची तब्येत कशी आहे, यंदा धान कसं झालं. महिन्यातून एकदा ती असं वाचायची. कुंकू लावायची. बांगड्या भरायची. रडायचं झालं तर तळ्यावर धुणं घेऊन जायची. तिथं ओल्या तोंडाकडे कोणी पाहत नाही.

३

त्याच सोमवारी सरांकडून परतायला तिला तीन वाजले. दार लोटलेलंच होतं. आत आली तर माजघरात पाट मांडलेला, पाटासमोर पितळी थाळी, थाळीत भाताची चार शितं आणि वरणाचा ओघळ. बाजूला पाण्याचा लोटा.

"आत्याबाई, कोनी आलं होतं काय?"

"घनश्याम आला होता," आनंदाबाई म्हणाली. भिंतीला टेकून ती सुपातल्या लाखोरीच्या दाळीवर हात फिरवत होती, खडे शोधत. "जेवला आन गेला. आत्ताच गेला, तुही चुकामूक झाली."

चंद्रकला शहाणी बाई होती. तिनं वही कोनाड्यात ठेवली, थाळी उचलली आणि चुलीजवळ गेली. गंजात अर्धा भात कमी होता. म्हातारीला पुन्हा भूक लागली असेल, तिनंच वाढून घेतलं असेल. म्हातारपणी मन मागं पुढं जातं, दहा वर्षांपूर्वीची दुपार आजची वाटली असेल. असं होतं. श्यामराव सरांच्या आईला शेवटी शेवटी असंच व्हायचं, ते सांगत.

"काय म्हनले?" तिनं विचारलं, कारण काही न विचारणं वाईट दिसलं असतं.

"काही नाही बोलला. मुकाट्यानं जेवला."

थाळी घासायला घेताना तिनं लोटा उचलला. तो काठोकाठ भरलेला होता. वर धुळीची बारीक साय धरली होती.

४

बुधवारी तेच झालं. शनिवारी पुन्हा तेच. घरी असलेल्या दिवशी कधी नाही. ती मोहाडीला गेली की मात्र पाट, थाळी आणि भरलेला लोटा.

तिनं शेजारच्या बेबीबाईला विचारलं. बेबीबाई रोज दुपारी आपल्या ओसरीत बिड्या वळत बसायची, तिथून यांचं दार समोर दिसे.

"कोनीच नाही आलं," बेबीबाई म्हणाली. "मांजर बी नाही गेलं आत. काहून व, काही हरपलं काय?"

"नाही, सहज."

मागं सांदवाडीकडं, म्हणजे परसाकडं, दार होतं. तिकडून कोणी आलं असेल. पण सांदवाडीला काट्यांचं कुंपण होतं आणि त्या दिवसांत सगळ्या अंगणभर मोहाची फुलं वाळत घातली होती.

एका शनिवारी ती मोहाडीहून आल्यावर ओसरीतच बसली आणि सरांनी दिलेल्या अभ्यासासारखी एकाखाली एक वाक्यं लिहिली. शी मे हॅव ईटन द राइस. तिनंच भात खाल्ला असेल. पण म्हातारीला एका वेळी वाटीभर भात पुरे होई, आणि इथं गंज अर्धा होत होता. अ डॉग मे हॅव कम. कुत्रं आलं असेल. पण कुत्रं पाटावर बसून थाळी एवढी स्वच्छ ठेवत नाही. अ बेगर माइट हॅव कम. कोणी मागणारा आला असेल, आणि आंधळ्या म्हातारीनं त्यालाच लेक समजून वाढलं असेल. हे तिला पटलं. ते वाक्य तिनं दोनदा लिहिलं.

मग तिला लोटा आठवला. वैशाखाच्या दुपारी उन्हातून चालत आलेला माणूस आधी पाणी मागतो. भात नंतर. हा थाळी चाटूनपुसून जेवतो आणि पाण्याला हात लावत नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, एकदाही नाही. या वाक्याला पुढं काय लावावं ते तिला सुचेना. बाहेर ऊन पांढरं झालं होतं, छपराचे कवेलू तापून कुठंतरी टकटक वाजत होते, आणि आतून म्हातारीचा दाळीवर फिरणारा हात तेवढा ऐकू येत होता.

संध्याकाळी तिनं कोरा कागद काढला. बरेच दिवस झाले होते.

"आत्याबाई, कागद आला हाये. वाचू काय?"

"राहू दे," आनंदाबाई म्हणाली. "तो सोताच येते, त कागद कायले पायजे?"

५

पुढच्या सोमवारी तिनं सरांना विचारलं. उदाहरण म्हणून विचारलं.

"सर, एक म्हातारी आहे. तिचा मुलगा परगावी आहे. सून बाहेर गेली की म्हातारी म्हणते, तो येऊन जेवून गेला. भात खरंच कमी झालेला असतो. यावर वाक्यं कशी करायची?"

सरांना असला प्रश्न आवडला. त्यांनी खडू घेतला. मुलगा आला असेल. "हे पहिलं."

"ते नाही होत, सर."

"का नाही? परगावी म्हणजे काही चंद्रावर नाही. ही मे हॅव कम."

"ही कान्ट हॅव कम," चंद्रकला म्हणाली. "तो मेला आहे, सर. भादव्यात मेला. ट्रक नदीत गेला. मी कोणालेच नाही सांगतलं."

सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. घनश्यामला त्यांनी नववीपर्यंत शिकवलं होतं. मागच्या बाकावर बसायचा, इंग्रजीच्या तासाला खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचा. मग ते येऊन तिच्यासमोर बसले.

"आठ महिने?"

तिनं मान हलवली.

"बाई, मी तुम्हाला एक सांगतो. रागावू नका. एकेक कारण खोडत गेलं की शेवटी जे उरतं ते 'मस्ट'. मला वाटतं, तुमच्या सासूला ठाऊक आहे. शी मस्ट नो. तिला कुठूनतरी कळलेलं आहे, आणि ती तुमच्यासाठी नाटक करते आहे. पाट मांडते, भात कुत्र्याला किंवा गाईला घालते. तुम्हाला वाटावं, की हिला काही ठाऊक नाही."

चंद्रकलेला हे सुचलंच नव्हतं. ती सरांकडे पाहत राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

"घरी जा आणि सांगून टाका," सर म्हणाले. "असेल-नसेलवर माणसानं किती दिवस राहायचं? धडा इथंच थांबवू आज."

६

त्यामुळे त्या दिवशी ती सव्वाबारालाच घरी पोचली. दाराला हात लावणार, तेवढ्यात आत म्हातारीचा आवाज आला.

"जेव बापू, जेव. लाजू नको."

मग थोडा वेळ काही नाही. थाळीवर काहीतरी सरकल्याचा आवाज.

"तिले मी काही सांगत नाही. तिची परीक्षा होऊन जाऊ दे. तवपर्यंत तू येत जा."

पुन्हा शांतता. उत्तर देणारा उत्तर देऊन थांबावा, तेवढीच. पण उत्तर ऐकू आलं नाही.

सरांचं बरोबर होतं. म्हातारीला ठाऊक होतं, आणि ती एकटीच बोलत होती. चंद्रकलेला रडू आवरेना. तिनं दार लोटलं.

माजघरात आनंदाबाई भिंतीशी बसलेली. समोर पाट. थाळीत भात अर्धा कालवलेला, बोटांच्या खुणा तशाच. लोटा भरलेला. मागचं दार उघडं होतं आणि त्यातून ऊन थेट पाटापर्यंत आलं होतं. म्हातारीचे हात मांडीवर होते आणि कोरडे होते.

"आत्याबाई, कोन होता?"

"घनश्याम. आन कोन राह्यते?"

चंद्रकला तिच्यासमोर खाली बसली. "ते येऊ शकत नाहीत, आत्याबाई. ते गेले. भादव्यातच गेले. मी तुम्हाले सांगतलं नाही."

म्हातारी दचकली नाही. तिनं हात पुढं केला, चाचपडत चंद्रकलेचा गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला.

"ठाऊक हाये मले."

"कधीपासून?"

"दसऱ्याच्याही आधी. तुलाराम पयले माह्या भावाकडं गेला होता, आंधळगावले. भाऊ येऊन सांगून गेला. मी म्हनलं, पोरीले कोनी सांगू नका. तिचं कुंकू जितके दिवस राह्यते, तितके दिवस राहू द्या. मग तू कागद वाचाले लागली, तवा समजली मी, का तुलेही कळलं." तिनं नाक पुसलं. "त्या कागदात तो मायची तब्येत विचारे. घनश्यामनं जिंदगीत कधी विचारली नाही."

चंद्रकला रडता रडता हसली आणि मग नुसतीच रडली. दोघी एकमेकींना धरून किती वेळ बसल्या, कोणालाच कळलं नाही. म्हातारीच्या अंगाला दाळीचा आणि धुराचा वास येत होता. आठ महिने एका घरात राहून दोघी एकमेकींपासून लांब लांब रडल्या होत्या.

शेवटी चंद्रकलेनं डोळे पुसले. "मग माह्यासाठी कायले एवढं करत होत्या, आत्याबाई? पाट मांडाचा, भात फेकाचा..."

"भात कायले फेकीन? तो जेवे ना."

"कोन?"

"तू धाडत होती तो पोरगा," आनंदाबाई म्हणाली. "मले आंधळीले वाटावं, का लेक येऊन गेला, म्हनून तू कोनाले तरी धाडते, हे मी पयल्याच दिवशी ओळखलं. घनश्याम पाटावर बसला का घरभर आवाज होये. हा येते कवा, बसते कवा, पत्ता नाही लागत. पन तू एवढं माह्यासाठी करून राहिली, त मी कायले मोडू? मीही त्याले घनश्यामच म्हनो. कोनाचा हाये व तो? लयच गरीब हाये बिचारा."

चंद्रकलेनं मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"चंद्रकला?" म्हातारीचा हात तिच्या गुडघ्यावर घट्ट झाला. "तूच धाडते ना त्याले?"

७

बुधवारी चंद्रकला रोजच्यासारखी अकराला निघाली, बेबीबाईला हाक देऊन गेली, आणि गावाबाहेरून वळसा घालून कुंपणाच्या कडेकडेनं परत आली. कुंपणाचा एक काटा सरकवून, मोहाची फुलं हातानं बाजूला सारत आणि मागं पुन्हा पसरत ती मागच्या दारानं आत शिरली आणि स्वयंपाकघरात, धानाच्या कोठीआड उभी राहिली. म्हातारीनं पाट मांडला. थाळी वाढली. लोटा भरून ठेवला. दोघींनी असं ठरवलं होतं, की त्याला घाबरवायचं नाही, तो कोण आहे तेवढं विचारायचं.

बराच वेळ काही झालं नाही. मोहाच्या फुलांचा गोड, जड वास घरात भरला होता. चंद्रकलेला उभ्याउभ्या झापड आली असावी, कारण तो आलेला तिला दिसला नाही. मागच्या दारातलं ऊन क्षणभर मंद झालं एवढं कळलं, आणि तिनं डोकावलं तेव्हा पाटावर माणूस बसलेला होता.

त्याची पाठ तिच्याकडे होती. अंगात मळकट पांढरा शर्ट, पाठीला चिकटलेला. घामानं असेल. केस मानेवर वाढलेले. घनश्यामच्या डाव्या कानाखाली कोयत्याची जुनी खूण होती, पण याची कॉलर वर होती आणि त्यावर केस होते. खांदे त्याच्यासारखे होते. खांदे बऱ्याच माणसांचे तसे असतात. तो सावकाश भात कालवत होता आणि घास घेत होता. कालवल्याचा आवाज येत होता. श्वासाचा येत नव्हता.

"जेव बापू," आनंदाबाई म्हणाली.

चार पावलं पुढं गेलं की चेहरा दिसला असता. चंद्रकलेनं एक पाऊल टाकलंही. पण पुढचं पाऊल उचलेना. तो असला तर त्याच्याकडे कसं पाहावं, आणि तो नसला तर आठ महिन्यांचं हे सगळं कुठं न्यावं, या दोन्हींची तिला सारखीच भीती वाटली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि कोठीपाशीच उभी राहून बोलली.

"आम्हाले दोघींले ठाऊक हाये. आता कोनी कोनापासून काही लपवत नाही. तुम्ही पोटभर जेवा."

घास घेणारा हात थाळीवर थांबला.

तो वळला नाही. मग उठला. उठताना पाट वाजला नाही. उजेडात गेला आणि उजेडानं त्याच्या कडा खाल्ल्यासारखं झालं, आणि दार रिकामं झालं.

चंद्रकला धावत मागच्या दारात गेली. सांदवाडीत चिटपाखरू नव्हतं. दारापासून कुंपणापर्यंत मोहाची फुलं पसरलेली होती, आणि मधलं एक फूलसुद्धा चुरगळलेलं नव्हतं.

"गेला काय?" आतून म्हातारीनं विचारलं.

"गेले."

"मी हात लावाले पायजे होता. कोन होता व? तू त पाह्यलं ना. घनश्याम होता काय?"

चंद्रकला दारात उभी होती. तिनं चेहरा पाहिला नव्हता. म्हातारीनं मान वर केली होती आणि न दिसणारे डोळे आवाजाच्या दिशेनं लावले होते.

"तेच होते, आत्याबाई," ती म्हणाली.

आनंदाबाईनं तोंड उघडलं आणि मोठ्यानं हंबरडा फोडला. आठ महिने आत ठेवलेला तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. बेबीबाई सूप टाकून धावत आली. तिच्यामागून आणखी बाया आल्या. गावात सगळ्यांना कळलं.

८

श्यामराव सरांचा अंदाज अर्धा बरोबर होता, हे चंद्रकलेनं त्यांना सांगितलं. उरलेल्या अर्ध्याबद्दल त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं वही उघडून पुढं धरली, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ऑक्टोबरात ती परीक्षेला बसली, पास झाली, ट्रेनिंगला गेली, आणि पुढं कितीतरी वर्षं तिनं पवनीकडच्या गावांतून बायांची बाळंतपणं केली. पण ते नंतरचं.

त्या वैशाखाच्या अवसेला घनश्यामचं राहिलेलं दिवसकार्य करायचं ठरलं. तुलारामला निरोप धाडला होता. तो आदल्या दिवशी सकाळीच आला आणि आनंदाबाईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. नंतर तो ओसरीत बसला असताना चंद्रकलेनं त्याला विचारलं.

"भाऊजी, तुम्ही ओळखलं होतं ना त्याईले? तोंड पाह्यलं होतं?"

तुलाराम खाली पाहत राहिला. "तोंड पाह्यन्यासारखं नव्हतं, वहिनी. शर्टावरून ओळखलं. पांढरा शर्ट होता."

बाहेर रस्त्यानं बैलगाडी गेली. ती जाईपर्यंत तो थांबला.

"एक गोष्ट त्या दिवशी बाजारात सांगाची राह्यली. हिंमत नाही झाली. घनश्यामच्या गाडीत अजून एक मानूस होता. रस्त्यात हात दाखवला म्हनून बसवला होता. नाक्यावर मी त्या दोघांले चहा पेताना पाह्यलं. त्याचं नाव, गाव, काहीच कोनाले ठाऊक नाही. पोलिसाईनं चार दिवस नदी धुंडली. प्रेत एकच भेटलं."

"त्याच्याही अंगात पांढरा शर्ट होता काय?"

"आठवत नाही, वहिनी. लय आठवून पाह्यलं." त्यानं कपाळ चोळलं. "घनश्यामची एक खोड होती. जो गाडीत बसन त्याले म्हने, मोहाडीकडं आला त माह्या घरी जेवून जाजो. माय नाही म्हनत नाही कोनाले. त्यालेही म्हनला असन."

चंद्रकलेनं आत जाऊन चूल पेटवली. कुठंतरी एका घरी, कोणत्या गावी कोण जाणे, कोणी बाई अजून कागदाची वाट पाहत असेल, आणि तिला सांगायला कोणी तुलाराम नसेल, असं तिच्या मनात आलं. ज्याला जाळलं तो कोण आणि जो येऊन बसला तो कोण, हे आता तिला कोणी सांगणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नदीवरचे विधी आटोपून सगळे घरी आले. मेलेल्याच्या नावानं पान वाढायची वेळ झाली. चंद्रकलेनं पळसाची पत्रावळ मांडली, भात वाढला, वरण वाढलं. मग तिनं दुसरी पत्रावळ घेतली आणि पहिलीच्या शेजारी मांडली. बेबीबाईनं तिच्याकडे पाहिलं. भटजींनीही पाहिलं, आणि चुकून झालं असेल समजून ते पुढं मंत्र म्हणू लागले.

आनंदाबाई शेजारीच बसली होती. पानांची सळसळ तिनं दोनदा ऐकली. "दुसरं कोनाचं व?" तिनं हळूच विचारलं.

"पाव्हण्याचं," चंद्रकला म्हणाली.

म्हातारीनं अंदाजानं हात पुढं केला, गंज चाचपून पाहिला, त्यातला मूठभर भात घेतला आणि दुसऱ्या पानावर आणखी वाढला.